खिंडीत गाठणं

रात्री बारालाच तीन डबे भरले, मानपाड्याला, सातव्या मजल्यावर.
तिन्हींत तेच: चपाती, लसणाची चटणी, गुळाचा खडा.
ओजसचा डबा वॉचमनकडे ठेवला.
तो वर येत नाही. चार महिने झाले.

कंपनी सोडून कोलशेत रोडवर
सायकली दुरुस्त करतो आता.
ह्यांच्या भाषेत: पंक्चर काढतो.
हा शब्द ते असा टाकतात
जसा मासा निवडताना काटा.

एक वाजता गॅलरीतून पाहिलं,
त्याचा मागचा लाल दिवा
कापूरबावडीकडे लुकलुकत गेला,
ट्रकांच्या मधून, एखाद्या विडीच्या टोकाएवढा.

त्याला म्हटलं होतं, माळशेज चढून दाखव, सायकलवर.
ह्यांना म्हटलं होतं, मला वैशाखऱ्याला सोडा,
नाणेघाट मी पायी चढते,
तुम्ही गाडीनं माळशेजवरून वळसा घालून वर या.
एकाचं दुसऱ्याला सांगितलं नाही.
आयुष्यभर वाक्प्रचारात वापरली खिंड,
म्हटलं, एकदा खरीखुरी वापरून बघू.

सरळगाव सोडेपर्यंत हे गप्प.
मग म्हणाले, गुडघ्याचा पट्टा घेतलास?
घेतला होता.

जानेवारीतली कारवी, नुसत्या काड्या.
पायऱ्यांचे दगड मधोमध खोलगट,
किती खुरांनी, किती शतकं, कोण मोजणार.
मी दर वीस पावलांनी थांबायचे
आणि निसर्ग बघतेय असं दाखवायचे.
हिराबाई पारधी मागून आली, अनवाणी,
डोक्यावर पाटी, पाटीत कोंबडा,
कोंबडा माझ्याकडे बघत, मी कोंबड्याकडे.
वर भाचीकडे निघाली होती.
"एकटीच?"
"घरचे येतायत. गाडीनं."
"गाडीनं? मग दुपार होईल,"
म्हणाली, आणि पुढच्या वळणाला दिसेनाशी झाली.
कोंबडा तेवढा आरवला.

डोंगर जिथे फुटतो
तिथे आपण किती नावं ठेवली:
घाट, बारी, नाळ, दार.
घर फुटतं तिथे एकच, अबोला,
आणि त्याला वर जायची वाट कोणी खोदून ठेवत नाही.

माथ्यावर दोन कड्यांच्या मधून वारा
असा येतो की डोळ्यांत पाणी.
वाऱ्यानंच.
दगडी रांजणाशी बसले. जकातीचा, म्हणतात.
आत वाळका पाला, एक बिस्किटाचा कागद.
ठाण्याच्या टोलनाक्यावर कधी कोणी विचारलं नाही,
इथला नाकेदार विचारत असेल:
काय माल आणलाय, बाई?
एक डबा. एक गुडघा, दुरुस्तीचा.
दोन पुरुष मागून येतायत,
त्यांचं वजन मला माहीत नाही,
वेगवेगळं कधी उचललं नाही.

दहा वाजले. अकरा. फोनला रेंज नाही.
माळशेजची वळणं नजरेसमोर येऊ लागली,
कठडा तुटलेली तेवढीच.
आपण कोण, माणसांना खिंडीत गाठणारे?
चटणी उघडली, पुन्हा बंद केली.

पावणेदोनला गाडी आली.
डिकीतून सायकलचं चाक बाहेर,
माझ्या जुन्या ओढणीनं बांधलेलं.
स्टिअरिंगवर ओजस.
शेजारी हे, कोपरापर्यंत काळे,
ग्रीसमध्ये बुडवून काढल्यासारखे.
गाडीचं मागचं एक चाक स्टेपनीचं होतं,
सायकलची चेन नवी.
कोण कुणाला कुठल्या वळणावर भेटलं,
आधी कोण थांबलं, खाली कोण वाकलं,
विचारायला तोंड उघडलं होतं मी.

"पंक्चर झालं होतं," हे म्हणाले,
हात पुसत, सहज, काटा नसलेल्या आवाजात.
कुणाचं, ते सांगितलं नाही.

दोघांचे डबे रिकामे होते.
माझ्यातली दीड-दीड चपाती दिली,
गूळ मी एकटीनं खाल्ला.

मग परत कुठल्या वाटेनं जायचं
यावर त्या दोघांचं भांडण पेटलं,
चार महिन्यांतलं पहिलं.
मी रांजणाला टेकून
पट्टा सैल केला, आणि ऐकत राहिले.